दोनमेख्या

विंटलच्या कारखान्यात रूबेन पार्डोला सगळे ‘दोनमेख्या’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. मोटारसायकलचा सांगाडा जोडताना नळी ओतीव खोबणीत घालायची, ती हलू नये म्हणून आरपार एक पोलादी मेख ठोकायची, आणि मग सांधा भट्टीवर धरून आत पितळ वितळवायचं, ही त्या धंद्याची रीत. मेख काडेपेटीतल्या काडीएवढी जाड. पितळ गोठेपर्यंत नळी जागेवर राहावी एवढंच तिचं काम. एक पुरते. मोठ्या कारखान्यांनी तर तीही मारणं सोडून दिलं होतं. रूबेन दोन मारायचा. कशाला, असं विचारलं की म्हणायचा, “एक तुटली तर?”

“अरे, ती तुटेस्तोवर आत पितळ बसलेलं असतं की,” सायलस टिबिट्स म्हणायचा. सायलस कानस मारून सांधे गुळगुळीत करायचा, आणि त्याची जीभ कानशीपेक्षा खरखरीत होती. “देवानं तुला लग्नाच्या वेळी अक्कल दिली हे नशीब. नाहीतर एक पळाली तर, म्हणून दुसरीही मागितली असतीस.”

रूबेन हसायचा आणि दुसरी मेख ठोकायचा.

माणूस तसा भित्राच. आभाळ निरभ्र असलं तरी छत्री बरोबर, चॅपलमध्ये बसणार ते दाराजवळच्या बाकावर, बुटाच्या नाडीला दोनदा गाठ. पण ही भीती काही तो आईच्या पोटातून घेऊन आला नव्हता. तरुणपणी तो वुल्व्हरहॅम्प्टनच्या एका मोठ्या सायकल कारखान्यात डाख लावायचा. तिथल्या एका सायकलचा, पुढचं चाक धरणारा चिमटा उतारावर मोडला आणि एका पोस्टमनचा जबडा फुटला. डाख लावणारे चौघे होते, सांधा कुणाचा ते देवालाच ठाऊक. चौघांना उभं करून विचारलं तेव्हा तिघे ताडकन ‘मी नाही’ म्हणाले आणि रूबेनची जीभ अडखळली. झालं. ज्याची जीभ अडखळली त्याचा सांधा ठरला. मग दोन हिवाळे त्याला कुठे उभं केलं नाही कुणी. आपल्या गावी, सेजलीला, परत येऊन त्यानं परसातल्या छपराखाली बापजाद्यांचा खिळे घडवायचा धंदा धरला, आणि बायकोला, केझायाला, समोरच्या ऐरणीवर बसवलं. तिच्या हातांवर ठिणग्यांचे डाग पडले ते कायमचे. तेव्हापासून तो ताकही फुंकून प्यायचा.

हर्बर्ट विंटलनं त्याला परत भट्टीवर उभं केलं. विंटल दक्षिणेकडचा, समुद्राकाठचा माणूस. लग्न करून इकडे आला आणि सासऱ्याच्या रिकाम्या तबेल्यात मोटारसायकली बांधू लागला. आठ माणसं, एक लेथ, दोन भट्ट्या. आठवड्याला एक गाडी झाली तर विंटल बायकोला चहाबरोबर केक करायला सांगायचा. चांगला माणूस होता. पण नाव ठेवताना त्यानं कुणाला विचारलं नाही. सेजलीच्या माळावर त्याला तुरेवाली टिटवी दिसली, आवडली, आणि त्यानं गाडीला तिचंच नाव दिलं. लॅपविंग, म्हणजे टिटवी. टाकीवर तिचं चित्रही आलं.

पहिली टाकी रंगून आली तेव्हा कारखान्यात सगळे गप्प झाले. सेजलीतली अर्धी घरं कोळशाच्या खाणीत उतरणारी. तिथे पहाटे कामावर जाताना अंधारात सात पाखरांची शीळ ऐकू आली की खाणवाला दिवा विझवून घरी परत येतो. मुकादम कारण विचारत नाही. केझायाचा बाप असाच एकदा परत आला होता. तिचा काका हसला आणि खाली उतरला. त्याला चौथ्या दिवशी वर काढलं. ती सात पाखरं कसली, यावर मतभेद आहेत, पण बहुतेक म्हातारे टिटव्याच म्हणतात.

“मालकांना सांगा कुणीतरी,” कुणीतरी म्हणालं.

“काय सांगू?” सायलस म्हणाला. “की साहेब, तुमच्या पाखराला आम्ही घाबरतो? आपल्याकडे एक भित्रा आहे तेवढा पुरे.”

त्या टाकीवर चित्र काढणारी आणि कडेनं सोनेरी रेघा ओढणारी मुलगी होती रूबेनचीच. थर्झा. एकोणीस वर्षांची, हात असा स्थिर की श्वास रोखून एका दमात रेघ पुरी करायची. बापाची भीती हिच्या वाट्याला कशी ती आलीच नव्हती. दुपारच्या सुट्टीत तबेल्यामागच्या गल्लीत ती गाडी ढकलत पळायची, इंजिन धरलं की उडी मारून बसायची आणि दोन फेऱ्या मारून यायची. विंटलनं एकदा खिडकीतून पाहिलं आणि रागवायच्या ऐवजी त्याच्या डोक्यात दिवा पेटला. टिंकर्स हिलची चढण त्या भागात बदनाम होती. भले भले गडी अर्ध्यावर उतरून ढकलायचे. तिथे एका मुलीनं टिटवी वर नेली आणि वर्तमानपत्रात फोटो आला तर? त्यात पोरगी वजनाला हलकी, हा हिशेबही त्यानं केला असणारच.

शनिवार ठरला. विंटलला त्यासाठी तीन नव्या गाड्या हव्या होत्या; दोन पायथ्याशी मांडायला, एक चढवायला. तिन्हींचे सांगाडे रूबेनच्या भट्टीवर आले ते सोमवारी.

पितळेचं काम करणाऱ्यांना एक ताप असतो. पितळ वितळताना पांढरा धूर निघतो. रोज तो छातीत जात असला तर अंग सरावतं, पण रविवारची सुट्टी पडली की सराव मोडतो, आणि सोमवारी दुपारनंतर दात वाजायला लागतात. त्यावर लोक दूध पितात, घरी जाऊन रजईत घुसतात, आणि मंगळवारी ठणठणीत असतात. जुन्या कारागिरांनी म्हणूनच सोमवारी काम करायचं नाही अशी चाल पाडली होती. त्या वाराला ते ‘संत सोमवार’ म्हणत आणि त्या संताची पूजा गुत्त्यात बसून करत. रूबेन चॅपलवाला, दारूला न शिवणारा, त्यामुळे सोमवारी तो भट्टीवर असायचा. “प्यायला बसला असतास तर बरं झालं असतं,” असं पुढे सायलस म्हणाला, आणि त्या एका वेळी तो चेष्टा करत नव्हता.

भट्टीशेजारी रूबेनच्या दोन वाट्या असत. एकीत टाकणखार कालवलेला, पांढरा. तो नळीच्या टोकाला लावायचा, म्हणजे पितळ आतवर ओढलं जातं. दुसरीत शिसपेन्सिलीतली काळी भुकटी तेलात कालवलेली. ती चिमट्याच्या दांड्यावरच्या आट्यांना लावायची, कारण काळं लागलं की तिथे पितळ चिकटत नाही आणि आटे बुजत नाहीत. नळीला पांढरं, आट्यांना काळं. यात चुकायला जागाच नाही. पण त्या सोमवारी ताप लवकर चढला. ताटलीत तीन चिमटे आणि त्यांच्याशेजारी तीन समोरच्या नळ्या होत्या, हँडलखालच्या खोबणीत बसणाऱ्या. दात वाजत होते, डोळ्यांत पाणी, हात हलत होते. दूध प्यायला घरी जावं असं त्याला वाटलं. पण कामावरून लवकर जायची त्याला भीती वाटायची. तो थांबला आणि काम पुरं केलं.

गुरुवारी चिमटे बसवायची वेळ आली. पहिले दोन नीट होते. तिसऱ्याच्या आट्यांत पितळ भरलं होतं.

रूबेन ते बघत राहिला. या आट्यांना काळं लागलंच नव्हतं. पण सोमवारी संध्याकाळी केझायानं त्याची बोटं साबणानं घासताना बडबड केली होती, की आज तीन वेळा काळ्यात हात घातलास की तीनशे वेळा. आणि तापातही काळं तीनदा लावल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. मग तिसऱ्या वेळी ते लागलं कशाला?

ताटलीत दुसरं होतंच काय? तीन नळ्या.

तीनपैकी एका गाडीत समोरची नळी खोबणीत कोरडी बसली होती. बाहेरून कडेला पितळेची रेघ दिसली असणार, सायलसनं ती घासून गुळगुळीत केली असणार, वरून काळा रंग भाजून चढला असणार. आत काही नाही. कोणती गाडी, ते कळायला मार्ग नाही. आणि समोरची नळी सुटली तर काय होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. पुढचं चाक एकीकडे जातं, माणूस एकीकडे.

“काय रे, भूत पाहिलंस का?” सायलसनं विचारलं.

“आटे भरलेत,” रूबेन म्हणाला. “साफ करतो.”

तेवढंच म्हणाला. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं, हे त्याला त्या क्षणीही कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो जुना कारखाना आला, ते ओळीत उभं राहणं आलं, आणि केझायाचे हात आले. पार्डोचा सांधा, असं लोक पुन्हा म्हणणार. या वेळी खरंच पार्डोचा. पन्नाशीला आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा कोण भट्टीवर घेणार होतं?

आधी आपण शोधून काढू, असं त्यानं मनाशी ठरवलं. भित्र्या माणसाला असा मधला रस्ता नेहमी सापडतो.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर उन्हात भिंतीला टेकून पाव खात बसले, तेव्हा तो आत राहिला. टाकीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, त्यानं बारीक गिरमिटानं खोबणीला भोक पाडलं. पहिल्या गाडीच्या भोकातून पिवळा कीस निघाला. पितळ होतं. दुसऱ्या गाडीतूनही पिवळा निघाला. खोट कुठे ते सापडलं म्हणून गुडघे टेकून त्यानं देवाचे आभार मानले, आणि तिसरी गाडी शोधायला उठला तर ती जागेवर नव्हती.

“मालकांनी सकाळीच घरी नेली,” सायलस तोंडात घास असताना म्हणाला. “इंजिनाला हात लावायचाय म्हणे. तीच चढवणार उद्या तुझी पोरगी. का?”

“काही नाही,” रूबेन म्हणाला.

आता कोणती गाडी, हे तरी कळलं होतं. संध्याकाळी तो विंटलच्या घराच्या फाटकापर्यंत गेला. खिडकीत दिवा होता. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून विंटल इंजिनाचा कुठलासा भाग पुसत होता, आणि त्याची बायको त्याच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी म्हणत होती. दोघं हसत होते. रूबेननं फाटकावर हात ठेवला. कडी उचलली की झालं. आत जायचं आणि म्हणायचं, मालक, तुमच्या तिसऱ्या गाडीचा सांधा कोरडा आहे, चूक माझी. तेवढं वाक्य त्यानं वाटेभर पाठ केलं होतं. विंटलचा कुत्रा भुंकला, विंटलनं खिडकीकडे मान वळवली, आणि रूबेन घराकडे चालू लागला.

घरी केझायानं वाटाणे आणि खारवलेलं मांस वाढलं. थर्झा खुर्चीवर उभी राहून स्कर्टची मधली शिवण जमतेय का ते बघत होती.

“पोरीची जात आणि विजारीसारखं नेसणं,” केझाया म्हणाली. “चॅपलमध्ये काय म्हणतील?”

“म्हणतील पार्डोंची मुलगी पडली नाही,” थर्झा म्हणाली. “बाबा, जेवत का नाही?”

त्यानं एक घास घेतला. तो घास त्याच्या तोंडातच फिरत राहिला. रात्री डोळा लागला की नळी सुटायची, आणि तो दचकून उठायचा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात; रूबेनच्या पाठीशी तो आयुष्यभर होता, पण या वेळी त्याला खरोखर दात होते.

सकाळी थर्झा चहाचा कप संपवून टोपीची फीत बांधायला लागली तेव्हा रूबेन चुलीजवळून उठला.

“थर्झा, आज जाऊ नकोस.”

“का?”

तो तिच्याकडे बघेना. “पहाटे परसात गेलो होतो. सात शिट्ट्या ऐकल्या मी.”

केझायाच्या हातातली किटली तशीच थांबली. त्या घरात हा शब्द उगीच कुणी काढत नसे. तिनं मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. “मोजल्यास?”

“सात.”

“मग नाही जायचं,” केझाया म्हणाली. “माझा काका…”

“आई, तुझ्या काकाचं मला पाठ आहे.” थर्झा हसली नाही, पण थांबलीही नाही. “बाबा, मी रोज टिटव्याच रंगवते. शेल्फवर आत्ता नऊ आहेत. त्यांनी अजून कुणाला मारलं नाही. तुम्हाला भीती वाटतेय, म्हणून तुम्हाला शिट्ट्या ऐकू येतात.” मग जरा मऊ आवाजात म्हणाली, “गाडीत काही खोट आहे का? असेल तर सांगा. मी नाही जाणार.”

सरळ विचारलं तिनं. याहून सरळ कुणी विचारूच शकत नव्हतं. 

“नाही,” तो म्हणाला. “शिट्ट्या ऐकल्या फक्त.”

ती त्याच्या गालाला ओठ लावून निघून गेली.

केझाया दार लागेपर्यंत बघत राहिली. मग तिनं किटली खाली ठेवली. “रूबेन, पंचवीस वर्षं मी तुझ्याशेजारी झोपते. पहाटे तू परसात गेला नव्हतास. काय केलंस तू?”

त्यानं तिला सांगितलं. ते पाठ केलेलं वाक्य तिच्यापुढे कसं घडाघडा बाहेर आलं. केझायानं ते ऐकलं, आणि दारामागची त्याची टोपी काढून त्याच्या छातीवर फेकली.

“पळ,” ती म्हणाली. “खिळे मी परत घडवीन. हात आहेत मला. पळ.”

टिंकर्स हिल दोन मैलांवर. रूबेन पळाला. छातीत इतकी वर्षं साठलेला धूर आता त्याला भारी पडत होता. दर कुंपणाला धरून तो खोकायचा आणि पुन्हा पळायचा. वाटेत त्याला चढणीवरून इंजिनाचा आवाज आला. आवाज चढत गेला, मध्येच अडखळला, पुन्हा धरला, आणि वर जाऊन थांबला. म्हणजे चढण पार पडली होती. एक क्षण त्याला वाटलं, संपलं, वाचली. मग आठवलं की वर गेलेली गाडी खाली येणार.

पायथ्याशी पन्नासेक माणसं होती, वर्तमानपत्राचा फोटोवाला तिकाटण्यावर कॅमेरा चढवून काळं फडकं घेऊन उभा होता. विंटलचा चेहरा आनंदानं लाल झाला होता. त्याच्या हातात पांढरं निशाण होतं. ते खाली केलं की थर्झानं वरून सुटायचं, आणि खाली फोटोवाल्यापुढे ब्रेक लावून थांबायचं, असं ठरलं होतं.

“थांबा,” रूबेन म्हणाला. पण दम लागलेल्या माणसाचं थांबा किती ऐकू येणार? “मालक, थांबा.”

“आला दोनमेख्या,” सायलस ओरडला. “मालक, निशाण दोनदा हलवा, नाहीतर याचा जीव जाईल.”

लोक हसले. विंटलही हसला आणि त्यानं रूबेनच्या खांद्यावर थाप मारली. “वर पोचली, पार्डो. एकदाही न उतरता. बाप म्हणून तुला अभिमान वाटला पाहिजे.” आणि बोलता बोलताच त्याचा दुसरा हात खाली आला.

“त्या गाडीचा समोरचा सांधा कोरडा आहे,” रूबेन म्हणाला. “मी काळं लावलं. पितळ नाही आत. चूक माझी.”

हसू लगेच थांबलं नाही. मागच्या लोकांना ऐकू गेलं नव्हतं. पण विंटलच्या चेहऱ्यावरचा लाल रंग उतरला, आणि सायलसचं तोंड उघडंच राहिलं. निशाण खाली गेलेलं होतं. वर इंजिन फुटफुटलं.

विंटल निशाण टाकून चढणीकडे धावायला निघाला. “थांबवा तिला. हात दाखवा, ब्रेक लावायला सांगा…”

“नको.” रूबेननं मालकाचा कोट मागून धरला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मालकाच्या अंगाला हात लावला. “ब्रेक लावला की सगळा भार त्या सांध्यावर येईल. ब्रेक लावायचाच नाही तिनं. रस्ता मोकळा करा. कुणी हलू नका, ओरडू नका. ती दचकली की ब्रेक लावेल. तिला अशीच जाऊ द्या, पुढच्या सपाटीवर आपोआप थांबेल.”

सायलसनं फोटोवाल्याचं तिकाटणं उचलून खड्ड्यात टाकलं. लोकांना ढकलून दोन्ही बाजूंच्या कुंपणांना चिकटवलं. बायकांनी मुलांना स्कर्टमध्ये ओढलं. ज्या माणसाला मुलीला थांबवायचं होतं, त्याला आता ती थांबू नये म्हणून निश्चल उभं राहायचं होतं.

ती वळणावर दिसली. रस्ता खडबडीत, खाणीच्या गाड्यांनी चाकोऱ्या पडलेला. पुढचं चाक एका चाकोरीवरून उडालं आणि पुन्हा टेकलं. दुसऱ्या खड्ड्यात चाक गेलं तेव्हा गाडीतून एक आवाज आला, कोरडा, काठी मोडल्यासारखा. इंजिनाच्या आवाजात तो इतर कुणाला ऐकू आला नाही. रूबेनला आला. त्यानं टोपी तोंडात कोंबली आणि दातांनी घट्ट धरली.

थर्झानं खाली पाहिलं. फोटोवाला दिसत नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं रांगेनं गप्प उभी होती, टोप्या हातात, जशी अंत्ययात्रेला उभी राहतात. तिचा हात ब्रेककडे गेला. तिला बाप दिसला. तो मान हलवत होता, हळूहळू, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नाही. नाही. तिनं हात परत घेतला. गाडी त्यांच्यासमोरून सपाट्यानं गेली, धूळ उडाली, आणि ती सपाटीवर लांब, लांब जात राहिली. शेवटी डबक्याजवळ गाडी मंदावली. थर्झानं पाय टेकले.

“काय झालं?” ती ओरडून म्हणाली. “कोण गेलं?”

रूबेन रस्त्यातच खाली बसला होता.

गाडी चालवत कुणी नेली नाही. चौघांनी खांद्यावर घेऊन तबेल्यात आणली. फोटोवाल्याला विंटलनं फोटो न काढताच परत पाठवलं. मग त्यानं स्वतः करवत घेतली आणि हँडलखालची खोबण उभी चिरली. सांधा उघडला. आत सगळं काळं होतं, तेलकट, स्वच्छ काळं, पितळेचा एक कण नाही. कडेची पिवळी रेघ नखाएवढी. आणि मध्ये दोन मेखा. एक साफ तुटली होती. दुसरी वाकली होती, पण तिनं धरलं होतं.

सायलसनं ती वाकलेली मेख बोटानं चाचपली आणि हात मागे घेतला. त्यानंतर त्यानं रूबेनला दोनमेख्या म्हटलं नाही, आणि दुसऱ्या कुणाला म्हणू दिलं नाही.

“पार्डो,” विंटल म्हणाला, “सोमवारी ये कामावर. पण सोमवारी भट्टी पेटवायची नाही इथे. यापुढे कुणीच नाही. आणि मेखा दोन. प्रत्येक सांध्याला.” मग तो बाहेर अंगणात गेला, आणि त्याला ओकारी आलेली सगळ्यांनी ऐकली.

आत बाप आणि मुलगी उरले. थर्झा त्या चिरलेल्या सांध्याकडे बघत होती.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

“गुरुवारपासून.”

“मी सकाळी विचारलं तेव्हाही?”

“हो.”

तिनं मान हलवली. रडली नाही. “मला तुमच्या मेखांनी वाचवलं, बाबा. तुम्ही नाही वाचवलंत.”

खरं होतं ते. पोस्टमनच्या जबड्यापासून आजवर त्याला लोक जे जे बोलले होते, त्यातलं हे एकच पूर्ण खरं होतं.

ती त्याच्याशी उन्हाळाभर बोलली नाही. शेजारच्या बाकावर बसून रेघा ओढायची, जेवताना मीठ पुढे करायची, बाकी काही नाही. पानं गळायला लागली तेव्हा एका सकाळी ती नवी गाडी घेऊन ब्रिजनॉर्थला निघाली होती. हातमोजे घालता घालता भट्टीपाशी थांबली.

“बाबा, शिट्ट्या ऐकल्या का आज?”

रूबेननं हातातला सांधा खाली ठेवला. बराच विचार केला. “नाही. पण मागच्या चाकाचा पट्टा सैल आहे.”

तिनं जाऊन पट्टा घट्ट केला आणि गेली.

त्यानंतर तो त्या दोघांचा रिवाजच पडला. गाडीवर बसण्याआधी ती विचारायची, आणि तो खरं सांगायचा, कधी चाकाचं, कधी धुक्याचं, कधी नुसतंच नाही. पहिलं महायुद्ध लागलं, विंटलच्या तबेल्यात तोफगोळ्यांची टोपणं बनू लागली, आणि युद्ध संपलं तेव्हा टिटवी बांधायला ना माणसं उरली होती ना विंटलमध्ये उमेद. एकंदर दोनशेच्या आसपास टिटव्या रस्त्यावर आल्या असतील. त्यातली एक थर्झाकडे राहिली.

रूबेनची छाती शेवटी धुरानं खाल्ली. खिडकीजवळच्या खाटेवर तो उशांना टेकून बसलेला असायचा. शेवटच्या हिवाळ्यात एकदा बाहेर गोठलेला रस्ता चकाकत होता आणि थर्झा डॉक्टरला आणायला निघाली होती. दारात थांबून तिनं सवयीनं विचारलं.

“ऐकल्या का?”

“नाही ऐकल्या,” तो म्हणाला. मग थोडा दम घेऊन म्हणाला, “गाडीही ठीक आहे. मला भीती वाटतेय, एवढंच.”

“एवढंच ना? मग जाऊन येते,” थर्झा म्हणाली, आणि परत येऊन तिनं त्याच्या अंगावरची रजई दोन्ही बाजूंनी खोचली.